पाचव्या विमानाची सही

पुणे,
५ सप्टेंबर १९६८

सिंधूवहिनींना कोकिळेचा पुण्याहून जयभीम.

आधी आनंदाची बातमी ऐका, मग काय रागवायचं ते रागवा. तुमचा इंद्रभान विमानदलाच्या परीक्षेत पास झाला. उन्हाळ्यात तो "आत्याकडे जातो, पुणं पाहून येतो" म्हणून आमच्याकडे आला होता ना, तेव्हा पुणं त्यानं काही पाहिलं नाही. ह्यांच्याबरोबर भरतीच्या कार्यालयात गेला, गणिताचा पेपर दिला, डॉक्टरनं छाती मोजली. "आईले सांगू नको आत्या," म्हणून माझ्याकडून शब्द घेतला होता. निकाल लागेपर्यंत तो मी पाळला.

तो विमान उडवणार नाही, हे पहिलं समजून घ्या. ह्यांच्यासारखाच मेकॅनिक होईल. खाली जमिनीवर राहून इंजिनाचं काम. पण त्याला अजून अठरा पुरे नाहीत आणि दादा नाहीत, म्हणून आईच्या संमतीचा कागद लागतो. तो कागद भरतीच्या कार्यालयानं ऑगस्टमध्येच सुलतानपूरच्या पत्त्यावर पाठवलाय. सही होऊन तो ३१ डिसेंबरच्या आत इथे आला पाहिजे, नाहीतर त्याची जागा दुसऱ्याला जाईल. मिळाला का कागद? इंद्रभान मेहकरला सायकलच्या दुकानात राबतोय, त्याला तर अजून काही ठाऊक नाही.

उत्तर लगेच टाका. ह्यांनी जयभीम सांगितलाय.

तुमची
कोकिळा

•

सुलतानपूर, ता. मेहकर,
१६ सप्टेंबर १९६८

कोकिळे,

तुझं पत्र आलं. रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस रागात गेले म्हणून उत्तराला उशीर झाला.

कागद काही आलेला नाही. पोस्टमन शेषराव आठवड्यातून दोनदा गावात येतो, असता तर त्यानं दिला असता.

सह्यांचं माझं तुला माहीत आहे. तुझे दादा गेले त्याला येत्या पौषात नऊ वर्षं होतील. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी कागदावर अंगठा दिला, आणि त्यात काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांना मी बोल लावत नाही, त्यांनी आपल्या परीनं केलं. पण आपण कशाला हो म्हटलं हेच आपल्याला ठाऊक नसावं, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून तर इंद्रभानच्या पाटीवर त्याच्याकडून अक्षरं शिकले. त्याची पहिलीची जुनी पुस्तकं झाली, मग दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचले. पुडीच्या कागदावरची हकीकत नेहमी मध्येच फाटलेली असते. विहिरीत पडलेल्या बैलाचं पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

आता जवाईबापूंना माझे काही प्रश्न विचार. मागच्या महिन्यात दोन विमानं आमच्या शिवारावरून लोणारकडे गेली. आवाजानं भिमाबाईची शेळी दावं तोडून पळाली. विमानं पार तळ्याच्या अंगाला गेली होती आणि आवाज आमच्या डोक्यावर होता. तो मागं का राहतो? दुसरं, विमानाला पाठीमागून कुणी ढकलत नाही, पुढं पंखाही दिसला नाही, मग ते पुढं जातं कशानं? तिसरं, खाली काम करणाऱ्या माणसाचं काही चुकलं तर वरच्या माणसाचं काय होतं?

तिसऱ्याचं उत्तर आधी पाठव.

सिंधू

•

पुणे,
३० सप्टेंबर १९६८

वहिनी, जयभीम.

तुमचे प्रश्न वाचून हे जेवता जेवता हसले. म्हणाले, "इंद्रभानच्या आधी वयनीलेच भरती करा." मग ताट बाजूला सारून फुगा मागवला. आमच्या बेबीचा फुगा फुगवून, तोंड न बांधता सोडून दिला. तो घरभर पळाला. "हवा मागं जाते म्हणून फुगा पुढं जातो, विमानाचंही तेच," म्हणाले. बेबी रडली तो भाग वेगळा. आणि आवाजाचं असं, की लांबच्या शेतात कुणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते, आवाज नंतर येतो. तेवढ्या वेळात विमान पार निघून जातं.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही. "ते लिहून नाई सांगता येत," एवढंच बोलले.

म्हणून मी एक ठरवलंय. येत्या १७ नोव्हेंबरला, रविवारी, इथल्या विमानतळावर मोठी प्रात्यक्षिकं आहेत. लढाऊ विमानं उडणार, पाच हंटर विमानांची तुकडी हवेत कसरती करणार, आणि नॅट नावाचं इटुकलं विमान तर उलटं होऊन जाणार. घरच्या माणसांना आत बसायचे पास मिळतात. तुमचा पास मी काढून ठेवते. कापूस वेचायला आलेला असेल हे मला कळतं, पण चार दिवस शेजारच्या बनाबाईला शेताकडे पाहायला सांगून या. इतकी वर्षं मी पुण्यात आहे, तुम्ही माझं घर पाहिलेलं नाही.

कागदाची चौकशी हे इकडे करताहेत. न आल्यास दुसरा मागवू म्हणतात.

कोकिळा

•

सुलतानपूर,
४ नोव्हेंबर १९६८

कोकिळे,

येते. जालन्यावरून औरंगाबाद आणि तिथून पुण्याची एस. टी. आहे, कंडक्टरला विचारून ठेवलं आहे. शनिवारी पोचेन. स्टँडवर यायची गरज नाही, पाट्या वाचता येतात.

दुसरा कागद मागवायची घाई करू नका.

सिंधू

•

पुणे,
२२ नोव्हेंबर १९६८

वहिनी,

नीट पोचल्या असाल. आता मला एक सांगा, रविवारी दोन तास तुम्ही होता कुठं?

"पाणी पिऊन येते" म्हणून उठलात त्या गेलातच. इकडे विमानं डोक्यावरून जाताहेत, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि मी बेबीला कडेवर घेऊन तुमचं हिरवं लुगडं शोधतेय. भोंग्यावरून नाव पुकारायला सांगणार होते, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, नॅट येतंय, जरा थांबा." म्हटलं, तुमचं नॅट गेलं खड्ड्यात, माझी वहिनी हरवलीय!

सगळं आटोपल्यावर शांतपणे चालत आलात. पदराला काळं तेल. काही विचारलं की, "होते तिथंच." सकाळी पहिल्या एस. टी.नं परत. ह्यांना विचारलं तर हेही हसतात आणि बेबीला फुगा फुगवून देतात. तुम्ही दोघं मिळून काय लपवताय?

मी तुम्हाला विमानं दाखवायला बोलावलं होतं. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच, की तो थाट पाहून तुमचं मन वळावं. तुम्ही आकाशाकडे पाहिलंत तरी का?

कोकिळा

•

सुलतानपूर,
१ डिसेंबर १९६८

कोकिळे,

तू रागावलीस ते रास्त आहे. सगळं लिहिते, थोडं लांबेल.

आकाशाकडे पाहिलं. ते नॅट उलटं झालं तेव्हा आत बसलेल्या माणसाच्या खिशातलं काही पडत असेल का, असं मनात आलं. पण मान वर करून बघता बघता मला वाटलं, हे तर सुलतानपुरातूनही दिसतं. इथं आले आहे तर जे तिथून दिसत नाही ते पाहावं. म्हणून उठले.

दोरी बांधली होती तिच्या कडेकडेनं गेले. शेवटी आगीचा लाल बंब उभा होता. तिथल्या शिपायानं हटकलं, "अम्मा, इधर नहीं." मी म्हटलं, "मले पानी पायजे." त्यानं त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि बंबाच्या सावलीत एका खोक्यावर बसवलं. म्हणाला, "यहाँ से हिलना मत." मी हलले नाही. तिथून ती पाच विमानं दिसत होती, आणि पाचव्याशी जवाईबापू.

चार विमानांची इंजिनं चालू झाली. पाचव्याचा साहेब हातात टोप घेऊन शिडीपाशी उभा. जवाईबापू विमानाच्या पोटाखाली गुडघ्यावर. काहीतरी ठिबकलं होतं. त्यांनी बोळ्यानं पुसलं आणि तसेच बघत बसले. पुन्हा पुसलं, पुन्हा बघत बसले. दुसरा एक मोठा साहेब घाईनं आला, मनगटावरचं घड्याळ पाहू लागला. माझ्या मागं दोरीपलीकडचे लोक म्हणत होते, "पाचवं का सुटत नाही? बिघडलं वाटतं." एकजण म्हणाला, "तो खालचा माणूस अडवून बसलाय." जवाईबापूंनी मान वर केली नाही. आपण ज्वारी पाखडताना खडा दिसेपर्यंत सूप खाली ठेवत नाही, तसं.

मग उठले. हात पुसले. जाड पुठ्ठ्याच्या वहीत काही लिहिलं आणि ती वही साहेबासमोर धरली. साहेबानं वाचली, खाली आपली सही केली आणि मगच शिडीवर पाय ठेवला.

पाचवं विमान गेलं. लोकांनी पाचांची कसरत पाहिली. जवाईबापूंनी एकाकडेच पाहिलं. इतर चार कुठं वळली ते त्यांना सांगता येणार नाही, पैज लावते. ते विमान खाली उतरून थांबलं तेव्हा कुठं त्यांनी बिडी काढली, आणि तिथं बिडी ओढता येत नाही हे आठवून परत ठेवली. मग मी दिसले.

"वयनी! तुमी इथं काऊन?"

"पाणी प्यायले आले. त्या वहीत काय लिहिलं?"

"मी विमान तपासलं, ठीक हाय, असं लिहिलं. खाली माही सही. ते झाल्याबिगर सायेब बसत नाई."

"आणि तुमी सही केलीच नसती तं?"

"तं विमान उभं राह्यलं असतं."

"एवढे लोक बसले होते तरी?"

"लोक तं बसलेच असते, वयनी. खुर्च्या त्याईच्याच होत्या."

मी म्हटलं, "तो मोठा सायेब ओरडला नाई?"

"ओरडला ना. पन सही माही हाय. ठिबकन्याचं कारन सापडेस्तोवर मी कशी करू? नळीच्या जोडावरचं जुनं तेल होतं, नवं येत नोतं. पक्कं झालं, मंग केली."

बोळ्याला बोटं पुसत ते बोलले, "तुमचा तिसरा सवाल होता ना, खालच्याचं चुकलं तं काय. त्याचं उत्तर हेच हाय. म्हनून वही असते."

नंतर त्यांनी देऊळघाटच्या आपल्या वडिलांचं सांगितलं. तलाठी उंबऱ्याच्या आत आणि वडील कागद घेऊन उन्हात बाहेर, अर्धा अर्धा दिवस एका सहीसाठी. "बा आज इथं पायजे होता," म्हणाले. त्यांच्या हातातला बोळा मी मागून घेतला. सुताचा गुंता होता, आपल्याच वऱ्हाडातल्या कापसाचा असेल, कोण जाणे. पदराला तेल लागलं ते त्याचं. घरी काही बोलू नका असं मीच त्यांना सांगितलं. मला विचार करायचा होता.

आता दुसरी गोष्ट. मी तुझ्याशी खोटं बोलले. कागद ऑगस्टमध्येच आला. शेषरावनं माझ्या हातात दिला आणि मी तो पेटीत, तुझ्या दादांच्या धोतराखाली ठेवला. सगळा इंग्रजी. वामनराव गुरुजींना दाखवला, ते म्हणाले, "साधा कागद आहे सिंधूबाई, करून टाका सही." दवाखान्यातल्या माणसानंही अगदी हेच शब्द वापरले होते. तेव्हापासून तो पेटीत आहे. इंद्रभानलाही सांगितलं नाही. दर रविवारी तो मेहकरहून येतो, माझ्या हातचं जेवतो आणि "पुण्याचं काई आलं का वं माय?" विचारतो.

सोबत चार पानं पाठवते. त्या कागदावरचं एकेक इंग्रजी अक्षर मी पाहून पाहून काढलं आहे. अर्थ कळत नाही, आकार कळतो. तीन दुपारी लागल्या. खरा कागद घराबाहेर द्यायला मन होत नाही. जवाईबापूंना सांग, त्याचं मराठी करून द्या. एक शब्द सोडायचा नाही. आणि खाली, मी वाचलं, तपासलं, असं लिहून त्यांची सही. विमानाला लागते तर पोरालाही लागते.

त्याशिवाय मी करणार नाही. ३१ तारीख मला ठाऊक आहे.

सिंधू

•

पुणे,
१२ डिसेंबर १९६८

वहिनी,

सोबत ह्यांचा कागद आहे. तो आधी वाचा. मग हे पत्र वाचा.

तो लिहिताना आमचं भांडण झालं. त्यात एक वाक्य आहे, ते मी त्यांना गाळायला सांगत होते. म्हटलं, आईला हे कशाला दाखवायचं? ते म्हणाले, "मंग सही तू कर, मी नाई करत." आणि पेन खाली ठेवला. पूर्ण दिवस तो कागद तसाच पडून होता. शेवटी मीच पेन उचलून त्यांच्या हातात दिला.

मी असं का सांगितलं असेल, त्याचा विचार करत बसले, तेव्हा एक जुनी गोष्ट वर आली. ती नऊ वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही. ह्यांनाही नाही.

दवाखान्यात तुम्ही अंगठा देण्याआधी कागद माझ्याकडे दिला होता. आठवतं? घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी. सोळा वर्षांची होते. तो माणूस आपल्या दोघींकडे बघत उभा होता. कागद इंग्रजी होता, तो मला वाचता येत नाही हे त्याच्यासमोर कबूल करायची लाज वाटली. मी कागदावर डोळे फिरवले, वरून खालपर्यंत, वाचल्यासारखे. आणि म्हटलं, "ठीक आहे वहिनी, लावा." त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं. तुम्ही माझ्या शब्दावर अंगठा दिलात.

पुढं तुम्ही अक्षरं शिकलात, तेव्हा सगळे कौतुक करत होते आणि मी चुलीपुढून उठत नव्हते. आता या कागदावर तुम्ही सही केलीत तरी, न केलीत तरी, मी काही म्हणणार नाही. म्हणायचा मला हक्क नाही.

कोकिळा

(सोबतचा कागद)

श्रीमती सिंधूबाईंना मोतीरामचा जयभीम. तुम्ही काढलेली अक्षरं मी आमच्या कार्यालयातल्या छापील कागदाशी ताडून पाहिली. दोन ठिकाणी अक्षर राहिलं होतं, इतर सगळं बरोबर आहे. मराठी असं:

"मी, खाली सही करणारी, या उमेदवाराची आई व पालक आहे. माझ्या मुलानं विमानदलात भरती होण्यास माझी संमती आहे. त्याला ठरलेली वर्षं पुरी होईपर्यंत आपल्या मर्जीनं नोकरी सोडता येणार नाही, आणि देशात वा देशाबाहेर कुठंही पाठवलं जाईल, हे मला समजलं आहे. नोकरीत असताना त्याला जमिनीवर वा हवेत दुखापत झाली किंवा मृत्यू आला, तर सरकारी नियमाप्रमाणे जे मिळेल त्यापलीकडे माझी काही मागणी राहणार नाही. ही संमती मी समजून, कोणाच्या दबावाशिवाय देत आहे."

एवढंच आहे. काही सोडलं नाही, काही वाढवलं नाही. मी वाचलं, तपासलं. विमानाच्या वहीत मी पुढं "ठीक आहे" लिहितो. इथं ते लिहीत नाही. ते तुम्ही ठरवायचं.

मोतीराम, कार्पोरल

•

सुलतानपूर,
२२ डिसेंबर १९६८

कोकिळे,

आज रविवार. इंद्रभान आला तेव्हा मी पेटी उघडली आणि कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं पाकिटावरची तारीख पाहिली. बाहेर जाऊन बैलाला पाणी दाखवून आला. मग म्हणाला, "काऊन लपवला होता माय?" मी सांगितलं, वाचता येत नव्हता म्हणून.

मग जवाईबापूंचं मराठी मी त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. मृत्यूच्या वाक्यापाशी तो अडला. मी म्हटलं, "अडू नको. पुरं वाच." त्यानं पुरं वाचलं. मी म्हटलं, "आता सांग."

"मले जायचं हाय."

"ते वाक्य कळलं?"

"हाव. कळलं."

"आणि वहीत सही करताना कुनी घड्याळ दाखवलं तं?"

त्याला पाचव्या विमानाचं मी आधी सांगितलं होतं. हसला. म्हणाला, "तं त्याचंच मनगट दुखेल."

आता तुझं. तू लिहिलंस ते मला नवीन नाही. त्या दिवशी तू कागद उलटा धरला होतास. मला अक्षर येत नव्हतं, पण कागदाच्या डोक्यावर तीन सिंहांचा छाप होता, आणि रुपयावरचे सिंह मला ओळखता येत होते. तुझ्या हातात ते पाय वर करून होते. तू वाचत नाहीस हे मी पाहिलं. तरी अंगठा दिला. आत तुझे दादा विव्हळत होते, थांबायला वेळ नव्हता, आणि माझ्या शेजारी उभं राहून ठीक आहे म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. ते म्हटलंस म्हणून मला धीर आला. तू एवढी वर्षं हे एकटी घेऊन बसलीस हे मला कळलं असतं, तर मी आधीच सांगितलं असतं. आपण दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

ह्या कागदावरही सिंह आहेत. मी तो सरळ धरला. जवाईबापूंचं मराठी बाजूला ठेवून ओळीला ओळ लावली, तीनदा. मग इंद्रभानच्या पेनानं सही केली, सिंधू पुंजाजी, तुझ्या दादांच्या नावासकट. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं कागदाकडे बघत बसलो. वाळल्यावर घडी घातली.

कागद या पाकिटात आहे, रजिस्टर करून पाठवते. भरतीच्या कार्यालयात तू स्वतः नेऊन दे, आणि पोच वाचूनच घे.

जवाईबापूंना सांग, मी वाचलं, तपासलं, ठीक आहे. आता विमान सोडा.

सिंधू